कोरं दळण

"गोळ्या चुकवल्यास का?" रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टर इनामदारबाईंनी विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

"चुकवायला त्या काय एकादशी आहेत?" मी म्हटलं.

माझ्या ओटीपोटात उजवीकडे जी किडनी आहे, ती माझ्या धाकट्या भावाची, धैर्यशीलची आहे. ती बसवल्यापासून मी सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते. त्या गोळ्यांचं काम एकच, माझ्या शरीरातल्या राखणदारांना गुंगीत ठेवायचं. ते जागे झाले तर परकी वस्तू म्हणून किडनीचाच फडशा पाडतील. लग्नाच्या मांडवात, मयताच्या घरी, गिरणीचा पट्टा तुटून माझे हात काळे झालेले असताना, कधीही माझी गोळी चुकलेली नाही. आणि बाई मला शाळेतल्या पोरीसारखं विचारत होत्या.

"तुझं क्रिएटिनिन बघ," त्या म्हणाल्या. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी तो उपसते. आकडा वाढला की समजायचं, उपसा मंदावला. माझा आकडा कैक वर्षं सव्वाच्या आसपास होता, आता दोनाकडे निघाला होता. "शरीरानं किडनीवर डोळे वटारलेत. कुणीतरी त्याला उठवतंय. तापावरची ती सरकारी पुडी, शतकवच, घेतेस का?"

"जिभेलासुद्धा लावलेलं नाही. माझी पुडी मी परत पाठवते."

बाईंनी किडनीचा तुकडा काढून तपासायचं ठरवलं, सलाईनमधून स्टेरॉइड लिहून दिलं. मी एसटीनं घरी आले ती रस्ताभर धुमसत. भीती वाटली की मला राग येतो, हे मला ठाऊक आहे.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. बाजारपेठेच्या टोकाला वडिलांनी टाकलेली पिठाची गिरणी मी चालवते. कागदोपत्री मी वृषाली माने, गावाची मात्र अक्का. लग्न झालं नाही. बघायला येणारे पोहे आवडीनं खायचे आणि किडनीचं नाव निघालं की चहा अर्धा ठेवून उठायचे. मला त्यांचा राग नव्हता, चहा वाया जायचा त्याचा यायचा. याच गिरणीवर धैर्यशील शिकला, पुण्यात संशोधक झाला, आणि शतकवच हे त्याचंच काम.

ते काम खोटं नाही, हे आधीच सांगते. धापेचा ताप दर हिवाळ्यात यायचा आणि दर हिवाळ्यात रूप बदलून यायचा. नवी लस तयार होईपर्यंत थंडी सरायची आणि गल्लीत दोन-चार घरं रिकामी व्हायची. धैर्यशीलच्या गटानं शतावरीच्या मुळ्यांतून एक साखर वेगळी काढली. चहातली नव्हे. हजारो बारीक साखरा एकमेकींत गुंफून झालेली लांबलचक साखळी, बहुशर्करा म्हणतात तिला. कितीतरी रोगजंतूंच्या अंगावरचं आवरण अशाच साखळ्यांचं असतं. म्हणून आपल्या शरीरातल्या गस्तीच्या पेशींना ही साखळी भेटली की त्यांना वाटतं चोर आला. चोर नसतोच, पण गस्त जागी होते आणि पुढचे कित्येक आठवडे जागीच राहते. मग खरा ताप कुठलंही रूप घेऊन येवो, दारातच अडवला जातो. सरकारनं माणशी पुड्या वाटायला सुरुवात केली, दुधातून चमचाभर घ्यायच्या, आणि तापानं मरणारी माणसं निम्म्यानं घटली.

मी धैर्यशीलला तेव्हाच विचारलं होतं, "आणि माझं काय रे? माझी गस्त झोपलेलीच बरी."

"म्हणून तू घ्यायची नाहीस," तो म्हणाला होता. "बाकी कुणीही खाल्लं तरी तुला धोका नाही. चुकून चिमूटभर तुझ्या पोटात गेलं तरी आतड्यातली गस्त तेवढ्यानं उठत नाही, आणि साखळी इतकी मोठी आहे की रक्तात शिरत नाही. आणि हवेत उडू नये म्हणून दाणा मुद्दाम रव्यासारखा जाड ठेवलाय. तुझा विचार करूनच ठेवलाय, अक्का."

भाऊ असावा तर असा, असं मला वाटलं होतं.

तपासणीचा निकाल आला आणि धैर्यशील पुण्याहून धावत आला. शरीरानं किडनी नाकारायला सुरुवात केली होती, कारण कुणालाच सांगता येत नव्हतं. गिरणी चालू होती, तो पोत्यावर बसून माझ्या सगळ्या गोळ्यांची नावं पुन्हा वाचत होता. तेवढ्यात शैला दळणाचा डबा घेऊन आली. शैला आमच्याच गल्लीतली, घरी शिवणकाम करते. तिची थोरली मुलगी धापेच्या तापानं गेली, पुड्या सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात. आता एकटा राजवीर आहे.

बरेच दिवस माझ्या दगडांना पीठ चिकटत होतं. सारखी छिन्नीनं टाकी मारून ते खरबरीत करून घ्यावे लागायचे. मी गव्हाला बोल लावत होते, गहूच ओलसर येतोय म्हणत होते. शैलाचा डबा वर ओतण्याआधी मी हात घालून पाहिला, तर गव्हात पांढुरके रवाळ दाणे दिसले.

"यात काय घातलंयस गं?"

"सोयाबीन हाय मूठभर, मेथी हाय. आन शतकवच."

"शतकवच? दळणात?"

"मग काय करू? राजवीर चमच्यानं घेत न्हाई, थुकतोय. सासूबाईंना दूध चालत न्हाई. म्हटलं समद्यांच्या पुड्या गव्हात टाकाव्या, चपातीतनं आपसूक जातंय. समदी तसंच करत्यात की. तुला ठाऊक न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्याइतकं ठाऊक असायला हवं होतं ते कुणाला? आमच्याकडे दळण कधी नुसतं नसतं. गव्हात हरभरा पडतो, ज्वारीत मेथी पडते, डॉक्टरांनी बाळंतिणीला लिहून दिलेली भुकटीसुद्धा घरच्या पिठात जाते, म्हणजे सगळ्यांनाच लागू पडते. पुण्याच्या प्रयोगशाळेत हे कुणाला सुचलं नसतं. आमच्या गावात कुणाला दुसरं काही सुचलं नसतं.

धैर्यशील उठून उभा राहिला आणि हसला. आधी तो हसला, हे मी विसरणार नाही.

"अक्का, राज्यात सगळ्यांत कमी ताप तुमच्या तालुक्यात आहे आणि आम्हाला कारण सापडत नव्हतं," तो म्हणाला. "हे कारण. तुझ्या दगडांनी दाण्याची धूळ केली. धूळ श्वासातून थेट फुप्फुसात जाते, तिथल्या गस्तीला समोरासमोर भेटते. खाण्यापेक्षा कितीतरी जास्त परिणाम. गिरणीत नुसता उभा राहिलेला माणूससुद्धा..."

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या भुवयांवर, पापण्यांवर, ओढणीवर पीठ होतं. दिवसभर असतं. माझ्या फुप्फुसातली गस्त रोज सकाळपासून उठवली जात होती, आणि तिचा आरडाओरडा ऐकून गोळ्यांनी गुंगवलेले बाकीचे राखणदारही डोळे उघडत होते.

"गिरणी बंद कर," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"बंद कराय काय झालं?" शैला म्हणाली. "माझं दळण तरी काढा."

तिचं दळण मी काढलं नाही. गिरणी मात्र बंद ठेवली ती झाडून, पुसून, धुऊन निघेपर्यंतच. दगड उतरवून साफ केले, वर ज्वारी दळून ती टाकून दिली, पिठाची कापडी नळी नवी शिवून आणली. तोंडाला डॉक्टरबाईंनी दिलेला जाड मास्क बांधला आणि बाहेर पाटी लावली, की इथं फक्त कोरं दळण घेतलं जाईल. पुडी दुधातून घ्या, कणीक मळताना घाला, माझ्या दगडाखाली नको.

काही बायकांनी ऐकलं. काहींनी डबा उचलून दुसरी गिरणी गाठली. काही माझ्यादेखत शपथ घ्यायच्या आणि डब्यात हात घातला की रवाळ दाणे बोटांना लागायचे. शैलानं शपथ वगैरे घेतली नाही. ती भर रांगेत माझ्यासमोर उभी राहिली.

"तुझा भाऊ म्हणला ती धूळच जास्त काम करतीया. म्हणजे राजवीरला ती पायजे. माझी पोरगी गेली तवा हे न्हवतं. आता हाय, तर तू नगं म्हणतीस. तुझ्या एका किडनीपायी पोरांनी मरायचं व्हय, अक्का?"

तिचं चुकतंय असं मला म्हणता येईना, आणि बरोबर आहे म्हणायची माझी तयारी नव्हती. मी तिचा डबा बाजूला ठेवला आणि पुढचं दळण घेतलं.

दिवाळीआधी सरकारी आदेश निघाला. तो घेऊन धैर्यशील स्वतः आला, योजनेचा प्रमुख संशोधक तोच होता आणि एवढी लाज त्याला होती. प्रत्येक गिरणीला एक डबा बसणार होता, धान्य दगडांत पडताना तो मोजून शतकवच सोडणार होता. बायकांनी चुकून लावलेला शोध सरकारनं सक्तीचा केला होता.

"यानं किती जीव वाचतील, कल्पना आहे तुला?" तो म्हणाला.

"आहे. आणि माझ्यासारखे? ज्यांची गस्त उठून त्यांनाच खाते ते?"

"थोडे आहेत. त्यांनी गिरणीत जायचं नाही, पाकिटातलं पीठ वापरायचं. तसं लिहिलंय."

"पाकिटातल्या पिठाची भाकरी एकदा थापून दाखव मला."

"चेष्टा नको, अक्का. गिरणी भाड्यानं दे आणि माझ्याकडे पुण्याला ये. दवाखाना जवळ आहे, तुला खोली आहे."

"तिथं मी काय करू?"

"आराम कर."

हा शब्द मला शिवीसारखा लागला. "मी ऐन तरुणपणी डायलिसिसला बसायची ते तुला आठवतंय ना?" मी म्हटलं. "सगळं जग माझ्याशी हळू आवाजात बोलायचं. गिरणीत कुणी हळू बोलत नाही, बोललं तर ऐकूच येत नाही. इथं बायका माझ्यावर ओरडतात, अक्का जाड काढलंस, अक्का माझं आधी घे. इथून उठले की मी पुन्हा पेशंट. मला मरायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण पेशंट होऊन जगायची त्याहून जास्त वाटते."

त्यानं आदेशाचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "मी तुला किडनी दिली. आता माझं कामही देऊ का?"

वर्मी लागायचं ते लागलं. तरी मी मागे हटले नाही. "काम तुझं तुझ्यापाशी ठेव. ते चांगलंच आहे. फक्त विचारल्याशिवाय ते माझ्या नाकात घालू नको. कुणाच्याच घालू नको."

"विचारत बसलं की लोक येत नाहीत."

"विचारून बघितलंस कधी?"

त्यानं बघितलं नव्हतं. त्याच्या तोंडावरच ते दिसत होतं.

तो गेला आणि मी गिरणीबाहेरच्या दरांच्या फळ्यावर गहू, ज्वारी, बाजरीच्या खाली खडूनं आणखी एक ओळ लिहिली, अक्काचं क्रिएटिनिन. पुढे आकडा लिहिला. तो आता सव्वादोन होता, कारण गावातल्या बाकीच्या गिरण्यांची धूळ बाजारभर उडत होती आणि माझ्याकडेही लबाडीची दळणं येतच होती. प्रत्येकाला अर्थ विचारायचा असायचा आणि मी प्रत्येकाला सांगायची, की तुमच्या डब्यात जे असतं त्यानं हा आकडा वर जातो, आणि हा वर गेला की मी खाली जाते. रक्त तपासून आले की जुना आकडा पुसून नवा लिहायची. बाजाराला जाणारी माणसं पावसाचा अंदाज बघावा तसं फळ्याकडे बघून जाऊ लागली. मग एक दिवस माझ्या ओळीखाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं, की पेठेतल्या पद्माबाईंचे सांधे पुन्हा सुजलेत, त्यांना वाटी धरवत नाही. तीही गस्त उठल्याचीच तऱ्हा. पद्माबाई कधी कुणाला काही सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

लबाडीची दळणं कमी झाली. शैला मात्र रांगेत यायची, फळा वाचायची आणि कोरं दळण ठेवून जायची. राजवीरचं ती काय करत होती, मला कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

डबा बसवायला योजनेचे अधिकारी पाटसकरसाहेब आले. बरोबर एक मेकॅनिक आणि धैर्यशील. बाहेर दळणाची रांग होती.

"आधी तो फळा पुसा," साहेब म्हणाले. "लोकांत घबराट पसरते."

"खोटा असला तर मीच पुसते. तपासून घ्या."

त्यांनी विषय सोडला. मेकॅनिकनं डबा बसवला, नटबोल्ट आवळले, वायर जोडली. साहेबांनी मला खूण केली, चालू करा. मी मास्क काढून खुंटीला अडकवला आणि दगडांजवळ उभी राहिले, रोज उभी राहते तिथंच.

"मी नाही चालू करणार," मी म्हटलं. "बटण धैर्यशील दाबेल. औषध त्याचं आहे, किडनीही त्याचीच आहे."

"बाई, याला भावनिक वळण देऊ नका," साहेब म्हणाले.

"पोट माझं आहे साहेब. याला दुसरं कुठलं वळण देऊ?"

धैर्यशील बटणापाशी जाऊन उभा राहिला. त्यानं हात वर केला आणि तो हात तसाच राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. मला त्याची दया येत होती, आणि तरी मी मास्क उचलणार नव्हते.

तेवढ्यात रांग सोडून शैला आत आली. "आन पोरांचं काय?" तिनं विचारलं. या वेळी ती भांडत नव्हती. "अक्काचं मला कळलं. फळा वाचतीया मी रोज. पर हिवाळा तोंडावर हाय. माझ्या राजवीरचं काय करायचं, कुणीतरी सांगा की."

त्या प्रश्नाला मी गेले कित्येक दिवस उत्तर शोधत होते, दगडांना टाकी मारताना, फळा पुसताना.

"धैर्या, ती धूळ श्वासातून जाते म्हणून काम करते ना?" मी म्हटलं. "मग ती फवाऱ्यात भर. बाहेर माझा ओटा आहे, तिथं तुझा माणूस बसव. दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः विचारीन, घेणार का. का घ्यायचं तेही सांगीन, कुणी घ्यायचं नाही तेही सांगीन. ज्याला हवं तो तोंडातून फवारा ओढून घेईल. गिरणीच्या आत मात्र कोरं दळण."

"आणि लोक नाही म्हणाले तर?" साहेबांनी विचारलं.

"मी घेती," शैला म्हणाली. "राजवीरला बी देती. पयलं आमचंच."

धैर्यशीलनं हात खाली घेतला. मेकॅनिकच्या हातातला पाना घेतला आणि तो स्वतःच डब्याचे बोल्ट सोडवायला लागला. सवय नव्हती, एक बोल्ट हातातून निसटून पिठात पडला.

"वर मी काय सांगू?" साहेब म्हणाले.

"सांगा, ज्यानं औषध काढलं त्यानंच नकार दिला. हा हिवाळा या गिरणीची जबाबदारी माझी."

महिनाभरात त्याला योजनेच्या प्रमुखपदावरून काढलं. फवाऱ्याचा प्रयोग तेवढा एका गिरणीपुरता मंजूर झाला, बहुधा तो फसेल म्हणूनच. धैर्यशीलनं ओट्यावर बसायला माणूस पाठवला नाही, स्वतःच येऊन बसला.

तो हिवाळा मी घसा बसेपर्यंत बोलले. दळण घ्यायचं, वजन करायचं आणि विचारायचं, घेणार का. एक म्हातारा रोज नाही म्हणायचा आणि रोज का नाही ते ऐकवायचा. पद्माबाईंना मीच परत पाठवायची. बाकी बहुतेक हो म्हणाले. मी स्वतः जे औषध कधी घेऊ शकणार नाही, ते गावाला घ्यायला लावण्यात मला एक खुनशी आनंद होत होता. थंडी सरली तेव्हा आमच्या पेठेतला ताप डबे बसवलेल्या कुठल्याही पेठेपेक्षा जास्त नव्हता. राजवीरला एकदा साधी सर्दी झाली. पुढच्या वर्षी काही तालुक्यांनी डबे उतरवून ओटे मागितले, काहींनी नाही. ते भांडण अजून चालू आहे आणि मी त्यात आहे.

त्या पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी, औषधानं आणि मास्कनं, माझा आकडा दोनवर येऊन थांबला. त्याखाली तो आता येणार नाही. किडनीचा जेवढा भाग मेला तेवढा मेला, डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. उरलेली काही वर्षं चालेल, मग पुन्हा डायलिसिस. तो रिपोर्ट घेऊन धैर्यशील गिरणीत आला तेव्हा दुपारची गर्दी होती.

"माझ्याकडे आता दुसरी द्यायला नाही, अक्का," तो म्हणाला. पट्ट्याच्या आवाजात त्याला ते ओरडून सांगावं लागलं. त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण गिरणीत रडलं की डोळ्यांत कणीक होते.

"मागितलीय कुणी?" मीही ओरडले. "सरक बाजूला, शैलाचं दळण खोळंबलंय."

तो सरकला आणि खोकला. सकाळपासून खोकत होता, हिवाळाभर दुसऱ्यांना फवारे देऊन स्वतःचं राहून गेलं होतं. मी गहू वर ओतला, मास्क नीट केला आणि बाहेरच्या ओट्याकडे बोट दाखवलं, तिथं त्या दिवशी त्याच्या जागी दवाखान्यातली नर्स बसली होती.

"घेणार का?" मी त्याला विचारलं, सगळ्यांना विचारते तसंच.

त्यानं मान हलवली आणि तो बाहेर जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला.